क्रमाचे अधिष्ठान

पाच माणसे एका ओळीत उभी राहिली म्हणजे त्यांतील एक पहिला ठरतो आणि एक शेवटचा. परंतु हे पहिलेपण त्या माणसाच्या ठिकाणी त्याच्या उंचीसारखे किंवा वर्णासारखे वास करीत असते, की ते केवळ पाहणाऱ्याच्या बुद्धीत असते, हा प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी आपल्या दर्शनकारांनी त्याचा पिच्छा शतकानुशतके सोडला नव्हता. वैशेषिकांनी गुणांची गणना करताना रूप, रस, गंध, स्पर्श यांच्याच पंक्तीला परत्व आणि अपरत्व या दोन गुणांना बसविले, म्हणजे दूरचा आणि जवळचा, वडील आणि धाकटा हे भेद त्यांनी वस्तूच्या पदरात घातले. पण त्याच वेळी त्यांनी अशी पुस्ती जोडली की या गुणांची उत्पत्ती पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीवाचून, म्हणजे एकाच्या मानाने दुसऱ्याकडे पाहणाऱ्या बुद्धीवाचून, होत नाही, आणि ती बुद्धी मावळली की गुणही मावळतो. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याने आपल्या ‘संबंधपरीक्षा’ या लहानशा ग्रंथात याच्याही पुढे जाऊन संबंध नावाचा पदार्थच नाकारला: वस्तू आपापल्या ठिकाणी असतात, त्यांना जोडणारा दोरा कल्पनेने ओवलेला असतो. एक पक्ष म्हणतो, क्रम वस्तूत आहे पण बुद्धीच्या निमित्ताने. दुसरा म्हणतो, क्रम बुद्धीतच आहे, वस्तूचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

या जुन्या वादात एक अगदी अर्वाचीन साक्षीदार उभा करावा असे मला वाटते. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो सर्वांत आतला भाग, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याच्याकडे यंत्रातील सर्व साधनांचा बंदोबस्त सोपविलेला असतो. प्रोसेसरने कोणत्या कामाला किती वेळ द्यावयाचा, मेमरीचा कोणता तुकडा कोणाच्या नावे लावावयाचा, नेटवर्कवरून आलेला संदेश कोणाच्या हवाली करावयाचा, या सर्वांचा फैसला तेथे होतो आणि त्यावर अपील नाही. हा कारभार चालविण्यासाठी असंख्य नोंदी ठेवाव्या लागतात. आणि त्या नोंदी एकापुढे एक अशा साखळीत ओवावयाच्या, की ठरावीक घरांच्या तक्त्यात भरावयाच्या, की शाखा फुटत जाणाऱ्या वृक्षावर टांगावयाच्या, की नावावरून थेट घर काढून देणाऱ्या हॅश टेबलात ठेवावयाच्या, हे कर्नेल लिहिणाऱ्याला पदोपदी ठरवावे लागते. यालाच तो डेटा स्ट्रक्चरची निवड म्हणतो. ही निवड म्हणजे निव्वळ कारागिरी, असा सार्वत्रिक समज आहे. मला ती परत्वापरत्वाच्या प्रश्नाची प्रत्यक्ष परीक्षा वाटते. आणि या परीक्षेची विशेषता अशी की येथे चुकीच्या उत्तराला शब्दांचा आडोसा मिळत नाही, यंत्रच मंदावते किंवा बंद पडते.

आरंभ अगदी साधा होता. केन टॉमसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची १९७५ मधील सहावी आवृत्ती पाहिली, तर चालू प्रोसेसांची, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामांची, नोंद ५० घरांच्या एका साध्या तक्त्यात ठेवलेली दिसते, आणि पुढे कोणाला चालवावयाचे हे ठरविण्यासाठी कर्नेल तो सारा तक्ता एकेक घर करीत सरळ चाळते. आजच्या दृष्टीला ही रचना अडाणीपणाची वाटेल, पण तशी ती नव्हती. पन्नास घरे चाळावयाला लागणारा वेळ त्या काळच्या यंत्रालाही परवडत होता, आणि तक्त्याच्या सोपेपणामुळे चूक दडावयाला जागा राहत नव्हती. प्रोसेस हजारांनी होऊ लागल्या तेव्हा तोच तक्ता चुकीचा ठरला. वस्तू बदलल्या नव्हत्या, विचारणा बदलली होती. कोणतीही रचना एका प्रश्नाचे उत्तर स्वस्त करते आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणत्या तरी प्रश्नाकडून वसूल करते, हा या विद्येतील पहिला धडा होय. पुण्याच्या पेशवे दफ्तराची गोष्ट वेगळी नाही: रुमालांत बांधलेले तेच कागद इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रज अंमलदाराला गाव, वतन आणि वसूल यांच्या हिशेबाने हवे होते, तर १९३० ते १९३४ या काळात त्यांतून ४५ खंड निवडून काढणाऱ्या गोविंद सखाराम सरदेसायांना ते प्रसंग, व्यक्ती आणि मित्या यांच्या हिशेबाने हवे होते. कागद तेच, अक्षर तेच. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण.

आता साक्षीदाराची जबानी जरा जवळून ऐकू. लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये हेलसिंकी येथे सुरू केलेल्या लिनक्स कर्नेलमध्ये साखळीची जी रचना सर्वत्र वापरली जाते, तिची ठेवण शाळेत शिकविल्या जाणाऱ्या साखळीहून वेगळी आहे. शाळेतील साखळीत प्रत्येक दुवा स्वतंत्र असतो आणि त्या दुव्याच्या पोटात वस्तू ठेवलेली असते. लिनक्समध्ये उलट वस्तूच्या पोटातच दुवा शिवलेला असतो. हा दुवा म्हणजे केवळ दोन पत्ते, एक पुढच्याचा आणि एक मागच्याचा. पत्ते वस्तूंचे नसून त्यांच्या पोटातील दुव्यांचे असतात, म्हणून दुव्यावरून वस्तू गाठावयाची तर दुव्याच्या पत्त्यातून त्याचे वस्तूतील अंतर वजा करावे लागते. एकाच प्रोसेसच्या नोंदीत असे अनेक दुवे असतात: एक तिला सर्व प्रोसेसांच्या यादीत ओवतो, दुसरा तिच्या भावंडांच्या मालिकेत, तिसरा तिच्या अपत्यांची मालिका धरून ठेवतो, आणि ती एखाद्या घटनेची वाट पाहत निजली असेल तर तेवढ्यापुरती ती प्रतीक्षेच्या रांगेतही उभी असते. वस्तू एक, पण ती एकाच क्षणी एका क्रमात पहिली, दुसऱ्यात मधली आणि तिसऱ्यात एकटीच असू शकते.

धर्मकीर्तीचा अनुयायी येथे म्हणेल की हाच तर आमचा पक्ष. एकाच वस्तूला परस्परांशी न जुळणारी इतकी स्थाने असतील तर त्यांतील एकही तिचे स्वतःचे नव्हे. पण वैशेषिकही निरुत्तर होणार नाही. तो त्या दोन पत्त्यांकडे बोट दाखवील आणि म्हणेल की दुवा वस्तूच्या पोटात आहे, तो मेमरीची जागा अडवितो, आणि तो तुटला तर कर्नेल कोसळते. ज्याच्या असण्यानसण्याने एवढा फरक पडतो त्याला काल्पनिक कसे म्हणावयाचे? आणि दुवा आत ठेवण्याचे कारणही असे आहे की त्याने दोन्ही पक्षांना विचारात पडावे. स्वतंत्र दुवा तयार करावयाचा म्हणजे त्यासाठी मेमरी मागावी लागते, आणि मेमरी मागितली की ती न मिळण्याचा संभव येतो. सामान्य प्रोग्रामला मेमरी कमी पडली तर तो कर्नेलकडे मागणी नेतो. कर्नेलने कोणाकडे जावे? मेमरी संपत आली असता ती मोकळी करण्यासाठी एखादी नोंद एका रांगेतून दुसऱ्या रांगेत हलवावयाची, आणि त्या हलवण्यासाठीच नवी मेमरी लागावी, असा पेच ज्याच्यावर येऊ शकतो त्याने क्रमाची तरतूद वस्तूच्या जन्माबरोबरच करून ठेवणे हेच शहाणपणाचे. वस्तू साखळीतून काढली की लिनक्स त्या दोन पत्त्यांच्या जागी मुद्दाम दोन विषारी पत्ते भरून ठेवते, असे की त्यांचा माग काढणारा तत्काळ पकडला जावा. मावळलेल्या संबंधावर कोणी चुकूनही विसंबू नये, याची ती तजवीज असते.

क्रम वस्तूत राहतो पण अपेक्षेने जन्मतो, हे मान्य केले तर पुढचा प्रश्न असा येतो की ती अपेक्षा कोणाची आणि कशाची. प्रोसेसरचा वेळ वाटण्याचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. लिनक्सच्या २.४ या मालिकेत पुढचा कोण हे ठरविताना सर्व उमेदवारांची योग्यता प्रत्येक वेळी नव्याने जोखली जाई, त्यामुळे गर्दी वाढली की निवड करण्यातच वेळ जाई. इंगो मोल्नार याने २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ साठी प्राधान्याच्या १४० पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक रांग आणि कोणत्या पायरीवर कोणी उभा आहे हे दाखविणारा खुणांचा एक तक्ता अशी योजना केली. उमेदवार दहा असोत वा दहा हजार, निवडीला लागणारा वेळ तेवढाच. गतीच्या दृष्टीने याहून अधिक मागावयाचे ते काय? परंतु या योजनेत कोणाला कोणत्या पायरीवर बसवावयाचे हे ठरविण्यासाठी कर्नेलला प्रोसेसच्या अंतःकरणात डोकवावे लागे: जी वारंवार निजते ती बहुधा माणसाच्या बोटांची वाट पाहत असणार, म्हणून तिला बढती, जी अखंड राबते ती बहुधा हिशेब करीत असणार, म्हणून तिला उतरती पायरी. असे तर्क कधी बरोबर येत, कधी फसत, आणि त्यांचा गैरफायदाही घेता येई.

२००७ मध्ये २.६.२३ या आवृत्तीत मोल्नारनेच ही सारी अनुमाने बाजूला सारली. कॉन कोलिव्हास या ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञाने, जो व्यवसायाने प्रोग्रामर नव्हता, न्याय्य वाटपाची कल्पना आधी मांडून दाखविली होती. तिच्या प्रेरणेने आलेल्या नव्या योजनेत योग्यता पाहिली जात नसे, फक्त प्रत्येकाला आजवर किती वेळ मिळाला याचा खतावणीसारखा हिशेब ठेवला जाई, आणि ज्याच्या खात्यावर सर्वांत कमी वेळ लागला असेल त्याला पुढे बोलाविले जाई. या प्रश्नाला १४० पायऱ्यांचा तक्ता निरुपयोगी होता. येथे सतत बदलणाऱ्या आकड्यांनुसार लावलेला क्रम हवा होता, म्हणून रेड-ब्लॅक ट्री आली. रुडॉल्फ बायर याने १९७२ मध्ये शोधलेला आणि गिबास व सेजविक यांनी १९७८ मध्ये तांबड्या-काळ्या रंगांत मांडलेला हा वृक्ष आपला तोल स्वतःच सावरतो. हजार प्रोसेस असल्या तरी त्याच्या मुळापासून पानापर्यंत वीसाहून अधिक पायऱ्या उतराव्या लागत नाहीत, आणि सर्वांत डावीकडचे पान, म्हणजे ज्याची उपेक्षा सर्वांत अधिक झाली तो, कर्नेल सदैव हाताशी ठेवी. नवी रचना जुनीहून किंचित सावकाश होती, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेतली पाहिजे. योग्यता कोणाची, या प्रश्नाऐवजी अन्याय कोणावर झाला, हा प्रश्न विचारावयाचे ठरले, आणि त्या प्रश्नाची थोडी अधिक किंमत बिनतक्रार मोजली गेली. यातही तारतम्य होते. जो दीर्घकाळ निजून उठला त्याला सारी जुनी थकबाकी एकदम वसूल करू दिली जात नाही, नाहीतर त्याच्या न्यायापायी इतरांची उपासमार व्हावयाची. पुढे २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीत वाट्याबरोबर मुदतीचाही विचार होऊ लागला. वृक्ष तोच राहिला, मात्र त्याच्या प्रत्येक फांदीवर तिच्याखालच्या सर्व पानांचा एक गोषवारा लिहून ठेवण्याची चाल पडली.

अपेक्षेचा संबंध भविष्याशी असतो, आणि भविष्य सगळे एकाच जातीचे नसते, हे मुदतींच्या नोंदी पाहिल्या म्हणजे ध्यानात येते. कर्नेलला अमुक वेळानंतर मला जागे कर अशा लक्षावधी सूचना सांभाळाव्या लागतात. मुंबईच्या आय.आय.टी.तून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेले जॉर्ज व्हर्गीस यांनी टोनी लाऊक यांच्यासमवेत १९८७ मध्ये यासाठी कालचक्राची रचना मांडली: घड्याळाच्या तबकडीप्रमाणे फिरणारी घरे, आणि प्रत्येक सूचना तिच्या घटकेच्या घरात टाकावयाची. लिनक्सने ती स्वीकारली. पण दूरच्या घरातील सूचना काळ जवळ आला की जवळच्या घरांत पुन्हा वाटाव्या लागत, आणि ती उठाठेव महाग पडे. मग असे दिसून आले की या सूचनांचे मुळात दोन वर्ग आहेत. काही सूचना वाजण्यासाठीच लावलेल्या असतात. बहुसंख्य मात्र उत्तर न आलेच तर या भीतीने लावलेल्या असतात, आणि उत्तर येते, म्हणून त्या वाजण्यापूर्वीच रद्दबातल होतात. पहिल्या वर्गासाठी २००६ पासून रेड-ब्लॅक ट्रीवर आधारलेली अचूक योजना निराळी केली गेली. दुसऱ्या वर्गासाठी थॉमस ग्लाइक्सनर याने २०१६ मध्ये कालचक्राची फेरमांडणी केली, आणि त्यात दूरच्या सूचनेला मुदतीच्या अष्टमांशापर्यंत उशीर झाला तरी चालेल असे ठरवून पुनर्वाटपाची कटकटच मिटविली. जी घटना बहुधा घडणारच नाही तिच्या अचूकतेसाठी रोज किंमत मोजणे हा अविवेक होय. आपल्या संकल्पांना आणि आपल्या भयांना एकाच वहीत, एकाच बारकाईने लिहिणाऱ्या मनाला यातून काही घेण्यासारखे आहे.

पण अपेक्षा करणारा नेहमी मित्रच असतो असे नाही. हॅश टेबलाचा सारा डौल या विश्वासावर उभा असतो की नावे घरांत सारखी विखुरली जातील. सरासरीने ती विखुरतातही. २००३ मध्ये राइस विद्यापीठातील क्रॉस्बी आणि वॉलाक यांनी दाखवून दिले की वैऱ्याने मुद्दाम निवडून अशी नावे पाठविली, जी सर्व एकाच घरात पडतील, तर हेच टेबल एका लांबच लांब साखळीत परिणत होते आणि थोड्याशा संदेशांनी यंत्र गुदमरते. त्यावरील उपाय म्हणजे विखुरण्याच्या नियमात प्रत्येक यंत्राने आपले एक गुपित मिसळावयाचे. त्यासाठी २०१२ मध्ये मांडलेली सिपहॅश ही पद्धती २०१७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. येथे निवडीचा नीतिविषयक गाभा उघड होतो. ज्याच्यावर सर्वांचा भार आहे आणि ज्याला नकार देता येत नाही, त्याने आपली रचना सरासरीच्या दिवसावर बेतून भागत नाही; सर्वांत वाईट दिवशी, सर्वांत वाईट हेतूच्या माणसाने प्रश्न विचारला तरी ती टिकली पाहिजे. विद्वानाला सामान्य सत्यावर थांबता येते, पालकाला येत नाही.

अपेक्षा बदलते ती कधी यंत्रामुळेही. एखाद्या प्रोसेसच्या ताब्यातील मेमरीचे पट्टे लिनक्समध्ये दीर्घकाळ रेड-ब्लॅक ट्री आणि साखळी या दोन्हींत एकदम नोंदविलेले असत. दरम्यान प्रोसेसर इतके शीघ्र झाले की मुख्य मेमरीतून एक पत्ता आणावयास शंभरेक नॅनोसेकंद थांबणे त्यांना युगासारखे वाटू लागले, तर शेजारचे चौसष्ट बाइट एकाच खेपेत कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या जलद साठ्यात, येत असल्यामुळे लगतचे वाचणे जवळजवळ फुकट झाले. त्यातच एका यंत्रात अनेक प्रोसेसर आले आणि एकाच कुलपासाठी त्यांची झुंबड उडू लागली. मग २०२२ च्या डिसेंबरात, ६.१ या आवृत्तीत, लियम हाउलेट आणि मॅथ्यू विलकॉक्स यांची मेपल ट्री आली, जिच्या एकेका गाठीत सोळापर्यंत नोंदी शेजारी शेजारी बसतात आणि वृक्ष उंच न होता रुंद होतो. आणि जुना वृक्ष व साखळी दोन्ही काढून टाकण्यात आली. पॉल मकेनी यांच्या प्रयत्नांनी २००२ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या आरसीयू या पद्धतीशी मेपल ट्री जुळवून घेते. त्या पद्धतीत बदल करणारा जुन्या नोंदीला हात न लावता नवी प्रत तयार करतो, पत्ता नव्या प्रतीकडे वळवितो, आणि जुनी प्रत वाचत असलेला शेवटचा वाचक दूर होईपर्यंत तिला नष्ट करीत नाही. तेवढ्या काळात जुने आणि नवे अशी दोन्ही सत्ये एकत्र नांदतात. या सहजीवनाचे पथ्य कडक आहे. २०२३ मध्ये उघडकीस आलेला स्टॅकरॉट नावाचा दोष असा होता की एका वाटेने गेलेले वाचक आपण वाचत आहोत हे या पद्धतीला न कळविताच वाचत राहिले, आणि त्यांच्या हातातील गाठ त्यांच्यादेखत नष्ट होऊ शकत होती. सुधारणेबरोबर नवी जोखीम आली. तेवढ्यावरून सुधारणा मागे घेतली गेली नाही, दोष दुरुस्त केला गेला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. साक्षीदाराचा कौल मला वैशेषिकांच्या बाजूने पडतो असे वाटते, पण एका दुरुस्तीसह. क्रम वस्तूच्या ठिकाणी खरोखर राहतो, तेथे जागा अडवितो, कामे करतो आणि बिघडवितोही. आणि तरी तो वस्तूच्या स्वभावातून निघालेला नसून कोणाच्या तरी प्रश्नासाठी तेथे ठेवलेला असतो. दुरुस्ती ही की अपेक्षाबुद्धी मावळली म्हणजे परत्व आपोआप मावळते, हे शास्त्रात जेवढे सुलभ आहे तेवढे व्यवहारात नाही. व्यवहारात प्रश्न मरतो आणि त्याच्यासाठी केलेली मांडणी मागे उरते. नेटवर्कच्या मार्गांची एक जलद वही लिनक्सने वर्षानुवर्षे बाळगली, आणि मुळातला मार्गशोधच पुरेसा वेगवान झाल्यावर व ती वही हल्लेखोरांना सोयीची ठरल्यावर, २०१२ मध्ये ३.६ या आवृत्तीतून ती मुद्दाम उपटून काढावी लागली. ती आपण होऊन गेली नाही.

मनुष्याच्या समाजात तर ही मागे उरलेली मांडणी अधिक घातक होते, कारण तेथे तिला विषारी पत्ते भरून ठेवणारा कोणी नसतो. कोण वर आणि कोण खाली, कोणाचा विधी आधी आणि कोणाचा मागून, कोणाला कशाचा अधिकार, हे सर्व कधी काळी कोणाच्या तरी सोयीच्या प्रश्नांसाठी लावलेले क्रम होते. ते क्रम खरे होते, त्यांनी माणसे खरोखर उचलली आणि खरोखर चिरडली. पुढे विचारणारे गेले, पण क्रम उरला, आणि उरलेल्या क्रमाला धर्मशास्त्राच्या नावाने माणसाच्या रक्तातला गुण ठरविण्यात आले. परत्वाला रूप समजण्याची ही चूक आहे, आणि ती वैशेषिकांच्याच परिभाषेत चूक आहे. अधिकारभेदाचे समर्थन करणाऱ्याने प्रथम हे दाखविले पाहिजे की त्याचा क्रम कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, तो प्रश्न आज कोण विचारतो, आणि त्या उत्तराची किंमत कोणाच्या खात्यावर पडते. कर्नेल लिहिणाऱ्यांची बिरादरी आपल्या रचनांना हे तीन सवाल वारंवार करते, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास काल ज्या रचनेचा अभिमान बाळगला तीही मोडते. यात तिला जुन्यांचा अपमान वाटत नाही, कारण जुन्यांनी आपल्या काळच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले होते, हे ती जाणून असते.

क्रमावाचून कोणताही कारभार चालत नाही, आणि सर्व क्रम मोडून टाकल्याने समता येते ही भाबडी समजूत होय. ज्या कर्नेलने न्याय्य वाटप आणले त्याला त्यासाठी अधिक बारकाईचा क्रम लावावा लागला. जो क्रम लावतो त्याच्यावर मात्र दोन गोष्टींचे उत्तरदायित्व येते: लावताना, आपण कोणाचा प्रश्न स्वस्त करीत आहोत हे उघडपणे सांगण्याचे, आणि तो प्रश्न संपला की आपल्याच हाताने तो क्रम उतरविण्याचे. यांतील पहिली गोष्ट ज्ञानाची आहे आणि ती पुष्कळांना साधते. दुसरी वैराग्याची आहे, आणि धर्माची कसोटी तिच्यातच लागते.